गाडी लागते, तरी व्हीआर करून पाहायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी सहा वर्षं लोकांच्या डोक्याला व्हीआर हेडसेट बांधायचं काम केलं. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी: डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधून चहूबाजूंनी दिसणारं आभासी जग. मला स्वतःला लहानपणापासून गाडी लागते. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट लागला की आई मला खिडकीशी सरकवायची आणि प्लॅस्टिकची पिशवी उघडून तयार ठेवायची. त्यामुळे 'मला जमेल का हो?' असं कुणी काउंटरवर हळूच विचारलं, की तो प्रश्न मला आतून समजायचा. काम सोडलं तरी ओळखीपाळखीतून प्रश्न येतच राहतात. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत.

१. व्हीआरमध्ये मळमळतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं सांगतात आणि दोन इवल्या पिशव्या आपण पुढे-मागे किंवा वर-खाली सरकल्याचं सांगतात. डोळे आपल्या परीने खबर देत असतात, तळपाय आणि पाठही देत असतात. एरवी या सगळ्यांचं एकमत असतं, म्हणून आपलं तिकडे लक्षही जात नाही.

घाटातल्या बसमध्ये मोबाइलकडे बघत बसलात तर कान म्हणतो 'वळलो' आणि डोळे म्हणतात 'जागेवरच आहोत'. व्हीआरमध्ये याच्या बरोबर उलट. डोळ्यांसमोर दरी धावत असते आणि खालची खुर्ची ढिम्म हलत नाही. हा मेळ बसला नाही की पोट ढवळायला लागतं. यात मनाचा कमकुवतपणा अजिबात नाही. अमेरिकेत १९५७ सालीच हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर बसणाऱ्या वैमानिकांना हा त्रास होत असल्याची नोंद झाली होती, आणि ती रोज आकाशात उडणारी माणसं होती.

२. मला एसटी लागते. म्हणजे व्हीआरही लागणारच का?

शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, पण 'लागणारच' असं नाही. सगळं व्हीआर एकसारखं नसतं. काही प्रकार तुम्हाला घाटापेक्षा वाईट जातील आणि काहींमध्ये अर्धा तास हिंडलात तरी काही होणार नाही. हा फरक प्रश्न ४, ५ आणि ६ मध्ये सविस्तर आहे. एवढं एकच वाचून निघायचं असेल तर हे लक्षात ठेवा: जिथे तुम्ही स्वतःच्या पायांनी चालता तो प्रकार घ्या, आणि जिथे तुम्ही बसून असता पण दृश्य तुम्हाला पळवत नेतं तो टाळा.

मायग्रेन असणाऱ्यांना आणि झोप न झालेल्यांना त्रास लवकर होतो. पुरुषांपेक्षा बायकांना गाडी जास्त लागते, आणि पाळीच्या दिवसांत आणखी. मी स्वतः त्या दिवसांत हेडसेट घालतच नाही.

३. उलट माझं. आयुष्यात कधी गाडी लागली नाही, तरी व्हीआरमध्ये पाच मिनिटांत पोटात ढवळलं. असं कसं?

गाडीत कान हलतो आणि डोळे स्थिर असतात, व्हीआरमध्ये नेमकं उलट. एकीकडचा विसंवाद तुमचा मेंदू वर्षानुवर्षं पचवत आला आहे, दुसरीकडचा त्याने कधी पाहिलेलाच नाही. मांडव्याच्या बोटीत उभं राहून भजी खाणारे लोक मी व्हीआरच्या खुर्चीत पांढरेफटक पडलेले पाहिलेत. शिवाय हेडसेट नीट बसलेला नसेल तरीही असं होतं, त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

४. पहिल्यांदाच जातेय. कोणता प्रकार निवडू?

जिथे आजूबाजूचं जग जागेवर राहतं आणि तुम्ही त्यात उभ्या राहून काहीतरी करता, असा. तालावर येणारे ठोकळे हातातल्या तलवारीने कापणं, धनुष्यबाण, टेबल टेनिस, हवेत रंग काढणं, समुद्राच्या तळाशी उभं राहून शेजारून जाणारा देवमासा बघणं. यात तुमचं डोकं जितकं वळतं तितकंच चित्र वळतं, त्यामुळे कान आणि डोळे भांडत नाहीत.

वेळ पाच मिनिटं पुरे. 'अर्ध्या तासाचं पॅकेज स्वस्त पडतं' म्हणून कुणी आग्रह केला तर पहिल्या दिवशी नाही म्हणा. आणि रोलर कोस्टरची व्हीआर फिल्म पहिल्या दिवशी कुणी कितीही गळ घातली तरी नको. दुर्दैवाने नवख्या माणसाला तीच दाखवायची पद्धत पडली आहे, कारण बघ्यांना मजा येते. कितीतरी माणसांचं व्हीआरशी असलेलं नातं त्या पहिल्या दोन मिनिटांत कायमचं तुटलंय. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

५. मॉलमध्ये आणि जत्रेत अंड्यासारखी खुर्ची असते, वर '९डी' लिहिलेलं असतं. ते कसं असतं?

त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. लांबी, रुंदी, खोली या तीन मिती. पुढे वारा, पाण्याचे शिंतोडे, हलणारी खुर्ची, पाठीला टोचणारा दांडा अशा एकेका करामतीपायी एकेक 'डी' वाढवत नेतात.

गाडी लागणाऱ्यांसाठी ही खुर्ची सगळ्यात अवघड. चित्रात तुम्ही दोनशे फूट खाली कोसळता आणि खुर्ची वीतभर झुकते. ती हलते म्हणून कानाला थोडी खबर मिळते खरी, पण ती अपुरी असते, आणि यंत्र जुनं असेल तर उशिरा मिळते. चित्र वळल्यावर क्षणभराने खुर्ची वळली तर अजिबात न हलणाऱ्या खुर्चीपेक्षाही जास्त त्रास होतो.

माझा पहिला व्हीआर अनुभव हाच. मैत्रिणीने दोघींचं तिकीट काढलं होतं. चाळीसएक सेकंदांत तोंडात पाणी सुटायला लागलं, पण तिचे पैसे वाया जातील म्हणून मी दांडा घट्ट धरून बसून राहिले. उतरल्यावर सरकत्या जिन्याशेजारच्या कचराकुंडीपर्यंत कशीबशी पोचले. तो जिना अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हा चाळिसाव्या सेकंदाला 'थांबवा' म्हटलं असतं तर मी दहा मिनिटांत आइसक्रीम खात असते. त्याऐवजी संध्याकाळभर आडवी होते.

६. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये चालत फिरायचे खेळ असतात, त्यात मळमळत नाही म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं. चार-सहा जण मिळून एका मोकळ्या जागेत खरोखर चालता, आणि जितकी पावलं टाकाल तितकंच आतलं जग सरकतं. माझ्यासारखीला अर्धा तास यातच काढता आला.

पण एक अपवाद आहे आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. जागा मर्यादित असते, म्हणून खेळात मध्येच लिफ्ट येते, सरकती फळी येते किंवा उडता तराफा येतो. तुम्ही हॉलमध्ये स्थिर उभे आणि डोळ्यांना मात्र चार मजले वर चाललेले दिसता. गुडघे लटपटतात ते तिथेच. अशी जागा आली की नजर समोरच्या साथीदारावर किंवा फळीच्या कठड्यावर ठेवा, म्हणजे तुमच्याबरोबर हलणाऱ्या वस्तूवर. मागे पळणाऱ्या भिंतींकडे बघू नका. दहा सेकंद डोळे मिटले तरी चालतं, खेळ बुडत नाही.

७. तिकीट काढण्याआधी काउंटरवर काय विचारू?

'मला गाडी लागते' हे आधी सांगून टाका, लाजू नका. मग विचारा: यात मी चालणार की बसून राहणार? दृश्य आपोआप पुढे सरकतं का? मध्ये लिफ्ट किंवा उडणं आहे का? किती मिनिटांचं आहे? मध्येच काढावंसं वाटलं तर कुणाला आणि कसं सांगायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण कानावर आवाज चालू असताना तुमची हाक ऑपरेटरला ऐकू येईलच असं नाही. आम्ही ग्राहकाला हात सरळ वर करायला सांगायचो. पैसे परत मिळतात का तेही विचारून घ्या. सगळीकडे मिळत नाहीत, पण आधी कळलं की मध्येच थांबताना मन अडत नाही.

ऑपरेटर जाणकार असेल तर सेटिंगबद्दलही विचारा. बऱ्याच खेळांत सरकत जाण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेता येते, आणि गुळगुळीत वळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळता येतं. हलताना चित्राच्या कडा काळ्या करून दृश्य अरुंद करण्याचीही सोय असते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की दृश्य असं हळूच अरुंद केलं तर त्रास कमी होतो आणि अनेकांना ते लक्षातही येत नाही. मेटाच्या हेडसेटवरच्या खेळांना 'कम्फर्टेबल', 'मॉडरेट' आणि 'इंटेन्स' अशी प्रतवारी दिलेली असते. पहिलीवरच थांबा.

फोन घालून वापरायचा साधा पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा चष्मा असेल तर सरळ नको म्हणा. त्याला तुमचं डोकं वळलेलं कळतं, पण पुढे झुकलेलं कळत नाही, त्यामुळे तुम्ही झुकलात की सगळं जग तुमच्याबरोबर झुकतं.

८. हेडसेट नीट बसलाय हे कसं ओळखायचं? आणि माझा चष्मा आहे, त्याचं काय?

समोरची अक्षरं मधोमध स्वच्छ दिसली पाहिजेत. पुसट दिसत असतील तर हेडसेट आधी वर-खाली सरकवून बघा. बहुतेक वेळा तो नाकावर खाली घसरलेला असतो. मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली, मानेच्या वर बसला की वजन गालांवर येत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांमधल्या अंतराची. मोठ्या माणसांत दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बरंच बदलतं. हेडसेटची भिंगं त्याप्रमाणे सरकवता येतात. मेटाच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीन टप्पे आहेत, काहींमध्ये चकती फिरवून हवं तितकं नेता येतं. आधीच्या धिप्पाड माणसासाठी लावलेलं अंतर तसंच ठेवून लहान चणीच्या बाईच्या डोक्यावर हेडसेट चढवला की तिचे डोळे ताणले जातात, डोकं दुखतं, आणि ती म्हणते 'मला व्हीआर सोसत नाही'. ऑपरेटरला 'भिंगांमधलं अंतर बदलून द्या' एवढंच सांगा.

चष्मा बहुतेक हेडसेटमध्ये मावतो. हेडसेट पुढून आधी लावायचा, मग मागे ओढायचा, आणि काढताना उलट. लांबचा नंबर असेल तर चष्मा काढू नका, सगळं धूसर दिसेल. फक्त वाचायचा चष्मा असेल तर सहसा लागत नाही, कारण भिंगं चित्र दीड-दोन मीटरवर असल्यासारखं दाखवतात.

९. काय खाऊन जाऊ? उपाशी गेलेलं बरं ना?

उपाशी अजिबात नको. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. तासा-दोन तासांपूर्वी बशीभर पोहे, इडली, केळं असं हलकं खा. मिसळ, वडापाव, चीज घातलेलं काही नको, आणि दारू तर नकोच. मॉलमध्ये आधी फूडकोर्ट आणि मग व्हीआर असा क्रम कुटुंबं हमखास लावतात, तो उलटा करा. पाणी घोट घोट प्या.

१०. अ‍ॅव्होमिन घेऊन गेले तर? की आलेपाक पुरेल?

अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, प्रवासाच्या मळमळीवर काम करतं. पण ते एक-दोन तास आधी घ्यावं लागतं आणि त्याने झोप येते. पाच-दहा मिनिटांच्या खेळासाठी अख्खा दिवस पेंगत घालवायचा आणि वर दुचाकी चालवत घरी यायचं, हे मला पटत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना ते देतच नाहीत. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मळमळ सुरू झाल्यावर गोळी गिळून फारसा उपयोग नसतो, कारण तोवर जठराचं काम मंदावलेलं असतं.

आल्याबद्दलचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, पण अपाय काही नाही. माझ्या पर्समध्ये आलेपाकाची वडी असतेच. घाटात आई द्यायची म्हणून असेल, पण ती जिभेवर ठेवली की मला बरं वाटतं. लिंबू हुंगणं, वेलची चघळणं हेही त्यातलंच. मळमळ थांबावी म्हणून मनगटावर बांधतात त्या पट्ट्यांचा अनुभव लोकांकडून दोन्ही प्रकारचा ऐकलाय. खात्रीने उपयोगी पडणारी साधी गोष्ट म्हणजे वारा. टेबलफॅन समोर लावून घ्या. अंग गार राहतं, आणि समोर कुठली दिशा आहे हे शरीराला कळत राहतं.

११. मळमळ येतेय हे आधी कसं ओळखायचं?

पोट सगळ्यात शेवटी बोलतं. त्याआधी जांभया येतात, चेहरा गरम वाटतो, कपाळावर आणि वरच्या ओठावर गार घाम येतो, ढेकर येतात, तोंडात लाळ जमते. काहींना नुसती सुस्ती येते आणि कंटाळा आल्यासारखं वाटतं. तोही याच दुखण्याचा भाग आहे.

ऑपरेटर म्हणून माझी खूण वेगळी होती. हेडसेट चढवल्यावर लोक बडबड करतात, 'अरे बापरे', 'हे बघ, हे बघ' असं चालू असतं. बोलणारा माणूस अचानक गप्प झाला आणि त्याने गिळल्यासारखं केलं, की मी न विचारता खेळ थांबवायची. दहातल्या नऊ वेळा तो 'बरं झालं' म्हणायचा. तुमच्याबरोबर आलेल्या माणसाला हे सांगून ठेवा. आतल्या माणसापेक्षा बाहेरच्याला आधी दिसतं.

१२. सुरूच झालं तर पहिल्यांदा काय करू? डोळे मिटले तर थांबेल का?

हो, आधी डोळे मिटा. भांडणातला एक पक्ष तिथल्या तिथे गप्प होतो. मग हात वर करा आणि हेडसेट काढून घ्या. घाईत स्वतः ओढू नका. तार असली तर पायात येते आणि तोल आधीच गेलेला असतो.

काढल्यावर खाली बसा, डोकं भिंतीला टेकवा आणि लांबच्या स्थिर वस्तूकडे बघा. दुकानाची पाटी, खांब, काहीही. फोन काढून बघू नका. दीर्घ श्वास, गार पाणी, मोकळी हवा. लगेच काढलंत तर दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटतं. 'एवढी फेरी संपू दे' म्हणून थांबलात तर तासन् तास जातात.

१३. थोडं सहन केलं की सवय होईल ना?

सवय होते, पण सहन करून नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. त्रास होईपर्यंत ताणलंत तर मेंदू उलटाच धडा शिकतो, आणि पुढच्या वेळी नुसत्या हेडसेटच्या वासाने पोट ढवळतं. माझं तसं झालं होतं, सहा-आठ महिने.

सवय करायची तर थोडा-थोडा वेळ वाढवत. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, बरं वाटत असतानाच काढायचं. दोन-चार दिवसांनी सात-आठ मिनिटं. एका दिवसात दहा वेळा करण्यापेक्षा मधे रात्रीची झोप पडू दिलेली बरी. आधी स्थिर जगातले खेळ, मग हळूहळू सरकणारे. मी आता धनुष्यबाण तासभर खेळते. उडण्याचे खेळ मात्र अजून सोसत नाहीत, आणि कदाचित कधीच सोसणार नाहीत.

१४. गाडी मी स्वतः चालवली की मला लागत नाही. मग व्हीआरमध्ये कार रेसिंग चालेल का?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. स्टिअरिंग हातात असलं की पुढचं वळण मेंदूला आधी माहीत असतं, म्हणून चालकाला लागत नाही आणि मागे बसलेल्याला लागतं. व्हीआरमध्येही कंट्रोलर हातात असलेल्याला नुसतं बघणाऱ्यापेक्षा कमी त्रास होतो.

तरीही रेसिंग पहिल्यांदा नको. खऱ्या गाडीत ब्रेक दाबल्यावर शरीर पुढे फेकलं जातं, इथे काहीच होत नाही, आणि सराईत चालकाच्या मेंदूला तो धक्का हवाच असतो. करायचंच असेल तर सरळ लांब रस्त्याचा ट्रॅक घ्या, नागमोडी नको, आणि गाडीच्या आत बसल्याचं दृश्य ठेवा. डॅशबोर्ड आणि काचेची चौकट नजरेला आधार देतात.

१५. आईला चालवत नाही, पण तिला व्हीआरमध्ये तीर्थस्थळं दाखवायची आहेत. सोसेल का?

बहुतेक वेळा हो, पण चित्रण कसं केलंय यावर सगळं अवलंबून आहे.

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी नातवाबरोबर आमच्याकडे आल्या होत्या. गुडघे गेल्यामुळे वारी सुटलेली. आमच्याकडे वारीचा ३६० अंशांचा व्हिडिओ होता. पहिल्या दृश्यात कॅमेरा रस्त्याकडेला तिकाटण्यावर ठेवलेला होता आणि दिंड्या बाजूने चाललेल्या. आजींनी पदर नीट केला, हात जोडले आणि हळूहळू मान वळवत दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पताका बघत राहिल्या. कुणीतरी वारकरी अगदी जवळून गेला तेव्हा पाय बाजूला घेतले. चार मिनिटं त्यांना काहीही झालं नाही. मग दृश्य बदललं आणि ड्रोन दिवेघाटावर झेपावला. त्याच क्षणी त्यांनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. मी लगेच थांबवलं.

त्या दिवसापासून वयस्कर लोकांना दाखवायचा प्रत्येक व्हिडिओ मी आधी पूर्ण पाहायला लागले. कॅमेरा स्थिर आणि माणसं हलणारी असतील तर चालतं. कॅमेराच चालत, गाडीतून किंवा ड्रोनवरून जात असेल तर तो भाग वगळायचा. आईला हाताच्या खुर्चीत बसवा, फिरत्या खुर्चीत नको. एक हात तिच्या हातात राहू द्या. मान सावकाश वळवायला सांगा, आणि या व्हिडिओंमध्ये पुढे झुकायचं नाही हेही. कारण प्रश्न ७ मध्ये दिलंय.

१६. खऱ्या रोलर कोस्टरवर बसून हेडसेट घालतात म्हणे. ते तर भयंकरच असेल?

वाटतं तितकं नाही. जर्मनीतल्या युरोपा-पार्कने २०१५ मध्ये त्यांच्या आल्पेनएक्सप्रेस या कोस्टरवर प्रवाशांना हेडसेट दिले, आणि त्यानंतर बऱ्याच उद्यानांनी तसं करून पाहिलं. यात चित्रातलं वळण आणि खरं वळण जुळवलेलं असतं. कान आणि डोळे एकच सांगतात, त्यामुळे मॉलमधल्या खुर्चीपेक्षा हे अनेकांना सोपं जातं. अट एकच, जुळणी अचूक हवी. चित्र पाव सेकंद जरी मागे राहिलं तरी सगळं फसतं. ज्यांना साधा रोलर कोस्टरच सोसत नाही त्यांना अर्थातच हाही सोसणार नाही.

१७. हेडसेट नसतो पण प्रचंड पडदा असतो आणि खुर्च्या हलतात, अशा राइडचं काय?

मुळात त्रास तोच. फरक एवढाच की इथे सुटका हाताशी असते. नजर पडद्याच्या कडेला, शेजारच्याच्या खांद्यावर किंवा स्वतःच्या पायांवर नेली की खरं जग दिसतं. खोपोलीच्या इमॅजिकामधली 'आय फॉर इंडिया' ही पडद्यासमोर लटकवून देशभर उडवून आणणारी राइड याच जातीची. जागा निवडता आली तर मधली घ्या. टोकाच्या जागेवरून पडदा तिरका दिसतो.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील ऑरलँडोबद्दल हमखास विचारतात. तिथल्या डिस्नेच्या एपकॉट या उद्यानात २००३ पासून 'मिशन स्पेस' ही राइड आहे. तिचे दोन प्रकार आहेत. केशरी प्रकारात तुम्हाला खरोखर गरगर फिरवून अंतराळयानाचा दाब दिला जातो, हिरव्या प्रकारात ते फिरणं नसतं. गाडी लागत असेल तर हिरवाच. केशरीत बसलातच तर डोकं मागे टेकवून समोरच बघा. फिरत्या यंत्रात मान वळवली की आतल्या कानात जो गोंधळ उडतो, तो डोळे मिटूनही शमत नाही.

१८. मुलगा आठ वर्षांचा आहे, हट्ट धरून बसलाय. चालेल का?

प्लेस्टेशनच्या पहिल्या व्हीआर हेडसेटला सोनीने १२ वर्षांची अट ठेवली होती. मेटाची अट आधी १३ वर्षांची होती, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासाठी ती १० वर आणली. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांमधलं अंतर बहुतेक हेडसेटच्या भिंगांपेक्षा कमी असतं आणि वजन मानेला जड होतं. शिवाय दोन ते बारा हे गाडी लागण्याचं मुख्य वय. मी तरी दहाच्या आत नको म्हणते.

मुलं 'मळमळतंय' म्हणत नाहीत, 'पोट दुखतंय' किंवा 'झोप येतेय' म्हणतात. त्यावर विश्वास ठेवा.

१९. मला चक्करीचा त्रास आहे. आणि गरोदर, फिट येणारे, पेसमेकर असलेले यांनी काय करावं?

यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग व्हीआर. गाडी लागणं वेगळं आणि कुशीवर वळताच खोली फिरणं वेगळं. दुसऱ्याचं मूळ आतल्या कानाच्या आजारात असू शकतं आणि व्हीआरने ते चाळवतं. झगमगत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांनी हेडसेट घालूच नये. हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात, म्हणून पेसमेकरवाल्यांना उत्पादक स्वतःच सावध करतात. गरोदरपणात आधीच मळमळ असते आणि तोल गेला तर धोका दोघांना, तेव्हा ते महिने जाऊ द्या.

२०. उंच इमारतीच्या फळीवर चालायच्या खेळात पाय लटपटले, घाम फुटला. ही मळमळ की भीती?

बहुधा भीती. त्या खेळात दृश्य हलत नाही, तुम्हीच चालता. भीतीत छाती धडधडते, तळहात ओले होतात, आणि हेडसेट काढताच मिनिटभरात सगळं ओसरतं, उलट हसू येतं. मळमळीत तळहातांपेक्षा कपाळ ओलं होतं, आणि काढल्यावरही ती रेंगाळते. भीती असेल तर थांबून श्वास घ्या आणि हवं तर पुढे जा. मळमळ असेल तर प्रश्न १२ प्रमाणे करा.

२१. बाहेर आल्यावर लगेच स्कूटर चालवली तर चालेल का?

नाही. काहीच त्रास झाला नसला तरी पंधरा-वीस मिनिटं थांबा, चालून बघा. बाहेर आल्यावर काही वेळ हात जिथे जायला हवा त्यापेक्षा किंचित बाजूला जातो, जमीन मऊ लागते. गरगरलं असेल तर ते पूर्ण थांबेपर्यंत हँडलला हात लावू नका, घरच्यांना बोलवा किंवा रिक्षा करा.

एक अडचणीची गोष्ट म्हणजे त्रास कधी कधी उशिराही येतो. दुपारी ठणठणीत असलेल्यांना संध्याकाळी अंथरुणावर पडल्यावर पुन्हा दरी धावताना दिसते. डोळे उघडून खोलीतल्या दिव्याकडे बघितलं की जातं, आणि झोप झाली की सहसा परत येत नाही. दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच लोणावळा-महाबळेश्वरच्या सहलीत परतीच्या दिवशी बाजारातल्या व्हीआरच्या दुकानात शिरू नका. पुढे घाट उतरायचा असतो. जायचंच असेल तर पोचल्याच्या दिवशी जा, मुक्कामाला.